पुणे विद्यापीठ गणेशखिंडीच्या गेटपाशी संपत नाही: कुलगुरू आणि अधिसभेला खुलं पत्र

माननीय कुलगुरू, आणि अधिसभा (सिनेट), व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद यातले सगळे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मुद्दा आधीच सांगते, म्हणजे ज्यांना अख्खं पत्र वाचायला वेळ होणार नाही त्यांच्यापर्यंतही तो पोचेल. नाशिक जिल्ह्यात शिवनईला आणि नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात बाबुर्डी घुमटला विद्यापीठाची स्वतःची जागा आहे. तिथे पूर्ण ताकदीचे कॅम्पस उभे करा. नुसती इमारत, बोर्ड आणि उद्घाटनाची कोनशिला नको, तर पदव्युत्तर विभाग, कायमचे प्राध्यापक, रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी लायब्ररी, मुलींचं हॉस्टेल, आणि तिथल्या तिथे सही करायचा अधिकार असलेला अधिकारी. आणि हे काम पुण्यातल्या कुठल्याही नव्या इमारतीच्या आधी व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे.

मी मूळची संगमनेर तालुक्यातली. एमए गणेशखिंडीत, म्हणजे विद्यापीठाच्या पुण्यातल्या मुख्य आवारात केलं, नंतर पुण्यातच संसार थाटला, आता औंधला राहते, विद्यापीठाची नोंदणीकृत पदवीधर आहे आणि अधिसभेच्या निवडणुकीला न चुकता मत देते. म्हणजे पुण्याचीही आहे आणि नगरचीही, त्यामुळे हे पत्र कुणाच्या विरोधात नाही, हे आपल्याच घरातल्या माणसाने लिहिलंय असं समजून वाचा.

थोडा इतिहास सांगावाच लागेल कारण तो आपल्यातले बरेच जण विसरलेत. १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ सुरू झालं, त्याआधी आपल्याकडची सगळी कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, पुण्याचं फर्ग्युसन असो, नाशिकचं १९२४ पासूनचं एचपीटी असो की नगरचं १९४७ ला नुकतंच निघालेलं अहमदनगर कॉलेज असो, पेपर मुंबईचे आणि पदवीवर शिक्काही मुंबईचा. आपल्या भागाला आपलं विद्यापीठ हवं ही मागणी त्यामुळे कितीतरी वर्षं चालू होती. महाराष्ट्रासाठी वेगळं विद्यापीठ असावं का याचा विचार करायला जी समिती नेमली होती तिचे अध्यक्ष बॅ. मुकुंदराव जयकर, आणि पुढे तेच पहिले कुलगुरू झाले. मुंबईत बाळासाहेब खेरांचं सरकार होतं. त्यांच्या काळात गणेशखिंडीतलं गव्हर्नरचं घर आणि भोवतालची चारशे एकरांच्या वरची जमीन विद्यापीठाला मिळाली. सुरुवातीला कॉलेजं होती फक्त १८ आणि विद्यार्थी साधारण आठ हजार, पण कार्यक्षेत्र होतं बारा जिल्ह्यांचं! त्याच सुमाराला मुंबई इलाख्यात गुजरात आणि कर्नाटक विद्यापीठंही निघाली, प्रत्येक भाषेच्या मुलखाला आपलं विद्यापीठ हा त्यामागचा विचार होता. म्हणजे आपलं विद्यापीठ पुणे शहरासाठी काढलेलंच नव्हतं. पुण्यात जागा मिळाली म्हणून ते पुण्यात बसलं, पण ते होतं कोल्हापूरपासून खानदेशापर्यंतच्या पोरांसाठी.

आणि जागा तरी कसली मिळाली बघा. मेन बिल्डिंग आपण रोज बघतो, लग्नाआधीचे फोटो काढायला लोक येतात, सिनेमावाले येतात, पण ती कुणाची होती हे पोरांना विचारलं तर अर्ध्यांना सांगता येत नाही. १८६४ ला गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात ती बांधायला घेतली, १८७१ ला पुरी झाली, पावसाळ्यात मुंबईचा गव्हर्नर इथे राहायला यायचा. २२ जून १८९७ ला व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ याच घरात झाला, प्लेगच्या वेळच्या जुलमाने पुणं पेटलेलं होतं, आणि तो समारंभ आटोपून परत निघालेल्या रँड आणि आयर्स्टवर गणेशखिंड रोडवरच चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आज त्याच रस्त्यावर आपण सिग्नलला थांबलेलो असतो. त्याही आधी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, पेशव्यांची आणि इंग्रजांची खडकीची लढाई याच परिसरात झाली. म्हणजे ज्या मैदानात राज्य गेलं आणि ज्या बंगल्याच्या आसपासही साध्या माणसाला फिरकता येत नव्हतं, तिथे स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांच्या आत शेतकऱ्याकामगारांच्या मुलांना बसवलं गेलं. गव्हर्नरचं घर पोरांना द्यायचं हा निर्णय मला आजही खूप मोठा वाटतो, आणि म्हणूनच त्या घराने पुन्हा लांबच्या माणसाला परकं वाटता कामा नये असंही वाटतं.

आता पुढचा भाग, जो आपण फारसा बोलत नाही. १९६२ ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि दक्षिणेकडचे जिल्हे तिकडे गेले. आपल्याकडे पाच उरले, पुणे, नगर, नाशिक, धुळे, जळगाव. १९९० ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, आता त्याला बहिणाबाईंचं नाव आहे, आणि धुळे, जळगाव गेले. उरले तीन. बारातले तीन. कोल्हापूर वेगळं झालं ते योग्यच झालं, कोल्हापूर सांगलीच्या पोरांना त्याने काय दिलं ते आपण बघतोच, जळगावचंही तसंच. कुणाचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही. पण दोन्ही वेळेला मागणीच्या मुळाशी अंतर होतं हे तर मान्य कराल? घरापासून विद्यापीठ लांब, आणि विद्यापीठ आपणहून जवळ येत नाही, मग माणसं आपलं वेगळं मागतात. नाशिकमधून हीच मागणी अधूनमधून ऐकू येते. नाशिकला मुक्त विद्यापीठ आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, म्हणजे विद्यापीठ चालवायची ताकद त्या जिल्ह्यांत आहे हे सिद्ध झालेलंच आहे. मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले तर आपल्याकडचेच, पुण्याचे कुलगुरू होते ते आधी. पुण्यात बसून ज्यांनी शिक्षण दारापर्यंत नेण्याचा विचार केला त्यांना तो प्रत्यक्षात आणायला नाशिकला जावं लागलं, याच्यावर आपण विचार करायला हवा.

अंतर म्हणजे काय ते कागदावर कळत नाही. पुणे नाशिक २१० किलोमीटर आणि पुणे नगर १२० हे गूगल मॅपवर दिसतं, पण सुरगाणा तालुका नाशिकपासूनच ऐंशी नव्वद किलोमीटर आत आहे आणि जामखेड नगरपासून सत्तर पंच्याहत्तर. या दोन तालुक्यांतला विद्यार्थी पुण्याला निघतो तेव्हा त्याचा पहिला प्रवास जिल्ह्याच्या गावापर्यंतचा असतो आणि दुसरा तिथून पुण्याचा. पुणे नाशिक सरळ रेल्वे अजून नाही. एसटीने निघायचं, सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर असं करत चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं आणि वाकडेवाडीला उतरायचं. तिथून विद्यापीठ चौक, आणि त्या चौकाचं गेल्या काही वर्षांत मेट्रोच्या आणि पुलाच्या कामाने काय झालं होतं ते पुणेकरांना सांगायला नको. एका दिवसात जाऊन येऊन काम होणं कठीण, म्हणजे मुक्काम आला, आणि मुलगी असेल तर सोबत वडील किंवा भाऊ आला, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली आणि दोघांचं तिकीट.

माझ्या चुलतभावाची मुलगी अकोले तालुक्यातल्या राजूरकडची, बीएस्सी तिकडेच झालं, एमएस्सीला पुण्यात आली. खडकीला एका खोलीत कॉट बेसिसवर राहते. मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा दारातच चपलांचा ढीग, आत चार कॉट, मधे जेमतेम एक माणूस चालेल एवढी वाट, एक लोखंडी कपाट चौघींत, खिडकीच्या गजाला बांधलेल्या दोरीवर चौघींचे कपडे, आणि हिच्या कॉटखाली आईने पाठवलेला बाजरीच्या पिठाचा डबा आणि लसणाच्या चटणीची बरणी. पीठ कशाला गं, इथे शेगडी तर नाही, विचारलं तर म्हणाली, आत्या, मेसवाल्या काकूंना देते, त्या रविवारी माझ्या दोन भाकरी करून देतात. टोमॅटोला भाव मिळाला की वडील तीन महिन्यांचं भाडं एकदम पाठवतात, नाही मिळाला की उशीर होतो, मग ती कमवा व शिका योजनेतल्या कामाच्या पैशांवर भागवते. योजना चांगली आहे, कर्मवीरांचं नाव तिला शोभतं, तिच्यासारख्या कितीतरी जणींचं शिक्षण त्याच्यावर झालंय, त्याबद्दल विद्यापीठाचे मनापासून आभार.

पण मला खरं लागून राहिलं ते तिने सांगितलेलं दुसरंच. तिच्या वर्गात तिच्यापेक्षा जास्त मार्क असलेल्या दोघी होत्या. दोघींनाही पुढे शिकायचं होतं. घरून पुण्याला पाठवायला नाही म्हणाले, खर्च आणि लांब, दोन्ही कारणं. एकीचं लग्न झालं, दुसरी संगमनेरला मेडिकलच्या दुकानात काउंटरला उभी असते. नगरला विद्यापीठाच्या कॅम्पसमध्ये एमएस्सी असती, मुलींचं हॉस्टेल असतं, तर शनिवारी घरी, सोमवारी परत, तर त्या दोघी गेल्या असत्या. हे मी अंदाजाने बोलत नाहीये, त्यांच्या आईवडिलांनी तसं स्पष्ट म्हटलेलं तिला माहीत आहे. सावित्रीबाईंचं नाव असलेल्या विद्यापीठाच्या हद्दीत हे घडतंय हो.

आणि सावित्रीबाईंचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते. २०१४ ला विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं, आम्हाला सगळ्यांना अभिमान वाटला. १ जानेवारी १८४८ ला भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली हे आता पोरांनाही पाठ आहे. पण त्या शाळेची प्रेरणा कुठून आली? नगरहून! अमेरिकन मिशनच्या फरारबाई नगरला मुलींच्या शाळा चालवायच्या, जोतिराव मित्राबरोबर तिकडे गेले, त्या शाळा बघून ते भारावले आणि पुण्यात येऊन त्यांनी स्वतः शाळा काढली, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षणही नगरला फरारबाईंकडे घेतलं असं चरित्रकार लिहितात. म्हणजे ज्या कामासाठी आपण त्यांचं नाव विद्यापीठाला दिलं त्या कामाची सुरुवात नगरच्या एका वर्गात झाली. कॅम्पसमध्ये सावित्रीबाईंचा पुतळा आहे, चांगलंच आहे. बाबुर्डी घुमटला मुलींसाठी शिक्षणशास्त्राचा विभाग आणि हॉस्टेल उभं राहिलं तर त्याहून मोठं काम होईल. शिक्षिका घडवणारी जागा, नगरमध्ये, सावित्रीबाईंच्या विद्यापीठाची. मला तर हे इतकं सरळ दिसतंय की आजवर कुणी का केलं नाही याचंच नवल वाटतं.

आता काहीजण म्हणतील की मोठं संशोधन, मोठे विभाग हे पुण्यातच होऊ शकतात, बाहेर वातावरण नसतं. हे मला अजिबात पटत नाही, आणि त्याचं उत्तर आपल्याच कॅम्पसमध्ये आहे. एनसीआरए, म्हणजे रेडिओ खगोलशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र, आपल्या गणेशखिंडीच्या आवारात आहे ना, त्यांची दुर्बीण कुठे आहे? जुन्नर तालुक्यात खोडदला! जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या, जगभरचे शास्त्रज्ञ तिथे निरीक्षणासाठी वेळ मागतात. खोडद का निवडलं? तिकडे रेडिओ लहरींचा गोंगाट कमी, डोंगरांचा आडोसा, आणि पुण्यापासून फार लांबही नाही. म्हणजे विषयाला कुठली जागा योग्य हे बघून जागा ठरवली. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचंही तेच, १९८८ ला नारळीकर सरांनी ती संस्था आपल्या आवारात उभी केली, पण दुर्बीण बसवली आंबेगाव तालुक्यात गिरवलीला. नारायणगावच्या द्राक्षबागांच्या शेजारी जागतिक दर्जाचं विज्ञान चालू शकतं तर शिवनईला का नाही चालणार? मी तर म्हणते विद्यार्थ्यांना आधी खोडदची सहल काढून दाखवा, वातावरण कशाने तयार होतं ते कळेल.

आणि म्हणूनच तिथे काय शिकवायचं हे फार महत्त्वाचं आहे. पुण्यात जे कोर्स आहेत त्यांचीच छोटी कॉपी तिकडे नेऊन ठेवली तर पोरं म्हणतील त्यापेक्षा ओरिजिनल बरं, आणि ती पुण्यालाच येतील. नाशिकला असं काही द्या की पुण्याच्या मुलांनी तिकडे अ‍ॅडमिशनसाठी धडपडावं. द्राक्ष, कांदा, वाइन, हा सगळा धंदा नाशिक जिल्ह्याचा, लासलगावच्या बाजारावर देशातल्या कांद्याचा भाव हलतो, शिवनई स्वतः दिंडोरी तालुक्यात म्हणजे द्राक्षाच्या पट्ट्यात. शेतमालाचं अर्थशास्त्र, साठवण, निर्यात, अन्नविज्ञान, याचा विभाग तिथे नाही तर कुठे असावा? सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागात कोकणा, वारली, महादेव कोळी समाज, त्यांच्या बोली, त्यांची गाणी, औषधी झाडांचं ज्ञान. भाषाशास्त्राचा आणि आदिवासी अभ्यासाचा विभाग तिथे असेल तर बोली बोलणारी मुलगी शिकायलाही तिथे आणि शिकवायलाही तीच, ती काही वर्षांनी प्राध्यापक म्हणून उभी राहील. पांडवलेण्यांत सातवाहनांचे शिलालेख आहेत, गौतमी बलश्रीचा तर प्रसिद्धच आहे, ब्राह्मी लिपी शिकवायला यापेक्षा मोठा फळा कुठे मिळणार.

नगरचं तर विचारूच नका. संगमनेरजवळ प्रवरेकाठचं जोर्वे, माझ्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर, त्या एका गावावरून अख्ख्या ताम्रपाषाण संस्कृतीला जोर्वे संस्कृती असं नाव पडलंय, देशभरच्या पुस्तकांत ते नाव आहे. श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद, तिथे सापडलेली काशाची शिल्पं बघून आजही माणूस थक्क होतो. नेवाशाला डेक्कन कॉलेजने सांकलिया सरांच्या नेतृत्वाखाली पन्नासच्या दशकात उत्खनन केलं, आणि त्याच नेवाशात ज्ञानोबांनी गीता मराठीत आणली. एका जिल्ह्यात एवढं असताना पुरातत्त्व शिकायला आमच्या मुलांनी जोर्व्याहून पुण्याला यायचं! दुसरीकडे हिवरेबाजार, राळेगणसिद्धी, पाण्याच्या कामाचे धडे घ्यायला बाहेरच्या राज्यांतून लोक येतात, आणि शेजारीच वर्षानुवर्षं टँकरवर जगणारी गावंही आहेत. पाणी आणि दुष्काळ या विषयाला वाहिलेला विभाग बाबुर्डी घुमटला हवा, त्या मुलांची प्रयोगशाळा म्हणजे गेटबाहेरचं शिवार.

पुरातत्त्वाबद्दल जरा जास्त लिहिलं, पण तो माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, राहू दे.

२०२१ ला विद्यापीठाचा कॅम्पस कतारमध्ये दोह्याला सुरू झाला. सार्वजनिक विद्यापीठाने परदेशात कॅम्पस काढणं ही साधी गोष्ट नाही, ज्यांनी ते केलं त्यांचं कौतुकच आहे. त्यातून एक गोष्ट मात्र पक्की कळली, की विद्यापीठाने मनावर घेतलं तर समुद्रापलीकडे वर्ग भरू शकतो, परवानग्या मिळू शकतात, करार होऊ शकतात. मग हीच चिकाटी दिंडोरी तालुक्यासाठी दाखवा एवढंच मागणं आहे. दोह्याची फी परवडणारं घर आणि सुरगाण्याचं घर यात विद्यापीठाची आधी जबाबदारी कुणाची, याचं उत्तर १९४८ च्या पुणे विद्यापीठ कायद्याच्या मागच्या विचारातच आहे.

अडचणी मला माहीत नाहीत असं नाही. प्राध्यापकभरती रखडलेली आहे, पुण्यातलेच विभाग कंत्राटी लोकांवर चाललेत, सरकारकडून पदं मंजूर होत नाहीत, निधीचं रडगाणं कायमचं. पण जागा जेव्हा मंजूर होतील तेव्हा त्या कुठे भरायच्या हे तर आजच ठरवता येतं ना? नव्या मंजूर पदांतला ठरावीक हिस्सा शिवनई आणि बाबुर्डी घुमटसाठी राखून ठेवायचा असा ठराव अधिसभेत करा, बजेटमध्ये दोन्ही कॅम्पसचा वेगळा हिशोब दाखवा, किती दिले आणि किती खर्च झाले, म्हणजे आम्हालाही विचारता येईल. आणि प्राध्यापक तिकडे जायला तयार नसतात ही तक्रार असेल तर त्यांना राहायला नीट घरं द्या, मुलांच्या शाळेचं बघा, संशोधनाला वेगळा निधी द्या. कोल्हापूरला सागरमाळावर विद्यापीठ उभं राहिलं तेव्हा तिथे तरी काय होतं? माळरान होतं, नावच माळाचं आहे.

प्रशासनाचंही तेच. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात उपपरिसर आणि त्याचा संचालक यांची तरतूद आहे, म्हणजे कायद्याने दार उघडं ठेवलंय. ट्रान्सक्रिप्ट, मायग्रेशन, पात्रता प्रमाणपत्र, नाव दुरुस्ती, पदवी प्रमाणपत्राची दुसरी प्रत, ही कामं सुरू होऊन तिथेच संपली पाहिजेत. अर्ज तिथे घ्यायचा आणि सहीला पुण्याला पाठवायचा, अशी पद्धत कुठेही असता कामा नये. ऑनलाइन झालंय सगळं असं म्हणतात, आणि बरंच झालंय हे मीही मान्य करते, पण स्पेलिंग चुकलं, पीआरएन म्हणजे कायमचा नोंदणी क्रमांक जुळला नाही, जुन्या रेकॉर्डमधून काही काढायचं असलं की माणसाला माणसासमोरच उभं राहावं लागतं, तो माणूस जवळ हवा.

शिवाय तुम्ही सगळे वर्षातून एकदा तिकडे या. अधिसभेची एक बैठक नाशिकला, पुढच्या वर्षी नगरला, विद्या परिषदेचंही तसंच. बसने या, नाशिक फाट्यापासून सिन्नरपर्यंतचा रस्ता बघा, वाटेत चाकणला अडका, मग चर्चेला बसा, माझी खात्री आहे चर्चा वेगळी होईल. पदवीप्रदान समारंभही तिन्ही जिल्ह्यांत का होऊ नये? डिग्री घेताना आईवडील समोर बसलेले असावेत असं प्रत्येकाला वाटतं, पेठ तालुक्यातल्या म्हाताऱ्या आजीला पुण्यापर्यंत आणणं जमत नाही, नाशिकपर्यंत जमतं.

जागेचं माणसाशी काय नातं असतं हे पुण्यातही आपण बघितलंय. फर्ग्युसन रोडवरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला पत्रकारिता विभाग मेन कॅम्पसला हलवायची चर्चा काही वर्षांपूर्वी झाली तेव्हा आजी माजी विद्यार्थी लगेच एकत्र आले, केवढा विरोध झाला, कारण त्या जागेशी त्यांचं काहीतरी जडलेलं होतं. नाशिकच्या आणि नगरच्या पोरांना विद्यापीठाशी जडायला अशी एखादी जागाच नाही. त्यांचं नातं कॉलेजशी असतं, विद्यापीठ म्हणजे त्यांच्यासाठी हॉल तिकिटावरचा शिक्का आणि निकालाची वेबसाइट. आम्ही गणेशखिंडीत शिकलेले लोक अजून जयकर ग्रंथालयाच्या वाचनकक्षाबद्दल बोलतो, रिफेक्टरीतल्या चहाबद्दल बोलतो, मेन बिल्डिंगच्या मागच्या वडांखाली केलेल्या अभ्यासाबद्दल बोलतो. हे सुख तीन जिल्ह्यांतल्या एकाच शहराच्या वाट्याला का?

एक छोटी मागणी राहिली, ती खर्चाची नाही. मेन बिल्डिंगमध्ये विद्यापीठाच्या इतिहासाचं कायमचं प्रदर्शन मांडा, त्यात मोठा नकाशा लावा, १९४९ चे बारा जिल्हे, १९६२ नंतरचे पाच, १९९० नंतरचे तीन. जयकर, रँग्लर परांजपे, दत्तो वामन पोतदार, काकासाहेब गाडगीळ, धनंजयराव गाडगीळ अशा माणसांनी हे कुलगुरूपद भूषवलंय हे पोरांना कळू दे. आणि त्याच प्रदर्शनाच्या प्रती शिवनईला आणि बाबुर्डी घुमटलाही लावा, तिथल्या कॉलेजांच्या इतिहासासकट, जी विद्यापीठाच्याही आधीपासून शिकवतायत.

माझ्यासारखे नोंदणीकृत पदवीधर अधिसभेवर दहा प्रतिनिधी निवडून देतात. त्या दहाही जणांना हे पत्र मी वेगळं पाठवतेय आणि प्रत्येकाला एकच विचारतेय, की पुढच्या अधिसभेत पदांच्या हिश्श्याचा आणि वेगळ्या बजेटचा ठराव तुम्ही मांडणार का, किंवा दुसऱ्या कुणी मांडला तर त्याला पाठिंबा देणार का. उत्तर हो किंवा नाही असं एका ओळीत दिलंत तरी चालेल. आलेली उत्तरं मी नगर आणि नाशिकच्या पदवीधरांपर्यंत जशीच्या तशी पोचवेन. पत्राची छापील प्रत कुलसचिव कार्यालयाच्या आवक विभागात देऊन पोच घेणार आहे.

आपली,
संगमनेरची एक माजी विद्यार्थिनी आणि नोंदणीकृत पदवीधर
औंध, पुणे